बी५५० मदरबोर्ड सोलापुरात मिळत नाही. ए५२० घ्यावा की बी४५०?

रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम आपण आधीच घेतली असल्याने एएम४ सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) आणि डीडीआर४ यांत तडजोड नको. बी४५० अवश्य चालेल, मात्र जुन्या साठ्यातला बोर्ड बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखणार नाही, म्हणून दुकानदाराकडून ते काम करवून घ्यावे आणि स्क्रीनवर प्रोसेसरचे नाव दिसल्यावरच पैसे द्यावेत. ए५२० स्वस्त पडतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता) येत नाही आणि अनेक स्वस्त बोर्डांच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंकही, म्हणजे उष्णता शोषणारी धातूची पट्टीही, नसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असताना तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणार असाल, तर हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. या दोन्हींवर एसएसडी पीसीआयई ३.० च्या, म्हणजे बी५५० पेक्षा कमी, वेगाने चालेल. रोजच्या कामात तो फरक सहसा जाणवत नाही.