ग्लायकोलिक पील करण्याआधी आणि नंतर त्वचा नीट भरून यावी यासाठी काय करावे?

आपण धुळ्याहून विचारले आहे की, मुरुमांचे काळे डाग कमी करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी ग्लायकोलिक आम्लाचे पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार) सुचवले आहे, लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठवड्याभरात आहे, आणि त्वचा लवकर भरून यावी म्हणून आधी व नंतर कोणते क्रीम लावावे. मी जळगाव जिल्ह्यात औषधांचे दुकान चालवणारा फार्मासिस्ट आहे. पील किती तीव्रतेचे असावे आणि किती वेळा करावे, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. मात्र अशा उपचारांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून नेहमी जातात, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या काळजीविषयी सांगू शकतो.

माझ्या मते नंतरच्या क्रीमपेक्षा आधीचे दोन ते चार आठवडे अधिक महत्त्वाचे आहेत. वरवरच्या पीलनंतर साल निघून नवी त्वचा येण्याचे काम बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याभरात उरकते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या वर्णाला खरी भीती असते ती भरून आल्यानंतर उरणाऱ्या काळेपणाची. त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात, आणि ज्या डागासाठी पील केले त्याहून गडद डाग तिथे बसतो. म्हणून त्वचा शांत असतानाच पील करावे. आधीच चुरचुरणाऱ्या, सोललेल्या किंवा उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर ते करू नये.

त्यासाठी रेटिनॉइडचे (अ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधाचे) कोणतेही क्रीम, म्हणजे ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीन, साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, चेहऱ्याचे स्क्रब हेही त्या काळात टाळावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या असतील, ओठांवर वारंवार नागिणीसारखे पाण्याचे फोड येत असतील, जखमेचा व्रण उंच वाढण्याची प्रवृत्ती असेल, मधुमेह असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. फोडांची प्रवृत्ती असणाऱ्यांना काही उपचारांच्या आधी विषाणूरोधक गोळ्या दिल्या जातात, आणि त्या आधीच सुरू कराव्या लागतात.

आणखी एक गोष्ट मी थोडी कठोरपणे सांगतो. आपल्याकडे ‘गोरे होण्याची ट्यूब’ म्हणून जे मागितले जाते, त्यात पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन औषधे एकत्र असतात. यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिले तर ते औषध उपयोगी आहे. पण शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि अशा त्वचेला पील सोसवत नाही. आपण असे काही लावत असाल तर ती ट्यूब सोबत घेऊन जावे, आणि ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नये, कारण त्यानंतर चेहरा लाल होऊन पुळ्या उसळतात.

पील झाल्यानंतर जेवढे कमी लावाल तेवढे बरे. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आणि फेस न करणाऱ्या सौम्य क्लिन्झरने तोंड धुवावे, न चोळता टिपून घ्यावे, आणि ओलसरपणा असतानाच सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. फार कोरडे वाटल्यास पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. जखमेला हवा लागून ती सुकली पाहिजे, असे आपल्या घरांत सांगतात. परंतु संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या वरवरच्या जखमा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने भरल्या, कारण खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओलसर पृष्ठभागावरून नव्या पेशींना सरकणे सोपे जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतील, ते नखाने ओढू नयेत. लिंबू, बेसन, टूथपेस्ट आणि घरच्या कोरफडीचा ताजा गर यांपैकी काहीही सोललेल्या त्वचेवर नको.

सनस्क्रीनबाबत खान्देशात विशेष बोलावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांच्या पुढे सहज जातो आणि घामाने लावलेले सारे वाहून जाते. एसपीएफ 30 किंवा अधिक असलेले, यूव्हीए किरणांनाही अडवणारे सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहरा आणि मानेला लावावे, आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. डागांची प्रवृत्ती असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण आपल्या वर्णात दिसणाऱ्या प्रकाशानेही काळेपणा वाढतो. गाडीवर जाताना बांधायचा स्कार्फ मऊ सुती असावा आणि रोज धुवावा. घामाने भिजलेला, खरखरीत स्कार्फ सोललेल्या गालावर घासत राहणे हेही एक प्रकारचे स्क्रबच आहे. उष्णतेचेही तसेच आहे. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या करायला चुलीसमोर बसण्याचा मान यंदा जाऊबाईंना किंवा वहिनींना द्यावा.

खाण्याबाबत थोडक्यात सांगतो. नवी त्वचा बनायला प्रथिने लागतात आणि कोलाजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, तयार व्हायला क जीवनसत्त्व लागते. उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी, डाळ, दूध, अंडी, आवळा, लिंबू एवढे नियमित असेल, तर कोलाजेनच्या महागड्या पावडरीवर खर्च करण्याची गरज मला दिसत नाही, मी ती विकत असलो तरी. तंबाखू आणि मिश्री मात्र बंद ठेवावी. निकोटिनमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम रेंगाळते.

वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, पू किंवा पाण्याच्या फोडांचा पुंजका दिसला, ताप आला, किंवा एखादाच भाग लाल-जांभळा आणि कडक राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उशीर झाल्यास व्रण राहू शकतो.

आता तारखेविषयी. त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायला सुमारे चार आठवडे लागतात, आणि लग्नात हळद तर चेहऱ्यालाच लागणार. ताज्या सोललेल्या त्वचेवर हळद झोंबते, काहींना तिची ॲलर्जीही उठते. म्हणून शेवटचे पील हळदीच्या किमान चार आठवडे आधी बसत असेल तरच ते करावे. बसत नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ता केवळ सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर चालू ठेवावे, आणि पीलची पहिली तारीख पावसाळा लागल्यावर घ्यावी.