लाट, लहर की तरंग?

प्रश्न : ‘ध्वनितरंग’, ‘ध्वनिलहरी’, ‘आवाजाच्या लाटा’ असे तिन्ही शब्द वाचनात येतात. मालवणच्या मुलांना ध्वनी शिकवताना कोणता वापरावा? लाट मोठी म्हणजे वारंवारता जास्त, असं मुलं म्हणतात. ते बरोबर का?

उत्तर : ‘ध्वनितरंग’ वापरा. ‘लहरी’ चालेल, ‘लाटा’ मात्र नको. कारण या शब्दांबरोबर येणाऱ्या क्रियापदांत आहे. लाट अंगावर येते, फुटते, ओढून नेते. तरंग उठतो, पसरतो, विरतो. लाट म्हटलं की पाणीच आपल्यापर्यंत आलं, हे गृहीत असतं, आणि किनाऱ्याशी ते खरंही आहे. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.८ पट झाली की ती फुटते आणि पाणी वाळूवर धावतं. ‘थंडीची लाट’ही चपखल, कारण उत्तरेकडची गार हवा खरोखरच येऊन ठेपते. ध्वनीचं तसं नाही. समोरासमोर बोलताना हवेचे कण जेमतेम मिलिमीटरच्या एक लक्षांशाइतके पुढे-मागे हलतात. कानापर्यंत पोचते ती फक्त हालचाल, तीही सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने.

मुलांना हे समुद्रावरच दाखवा. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नारळाचं एखादं सुटं सोडण तरंगत असेल, त्यावर नजर ठेवा. जाळ्याचा बांधलेला बोया नको. तो दोरीमुळेच जागेवर असतो, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वारा पडलेला आणि भरती-ओहोटी पालटतानाची वेळ गाठा, नाहीतर सोडण वाहत जाईल आणि लाटेनेच नेलं असं मुलांना वाटेल. नीट पाहिलं तर ते नुसतं खाली-वर होत नाही. माथ्यावर असताना थोडं पुढे जातं, खळग्यात थोडं मागे येतं, म्हणजे गोल फिरतं. म्हणून पाण्यावरचा तरंग निव्वळ अवतरंग (ज्यात कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात) नव्हे. हवेतला ध्वनी मात्र अनुतरंग : कण तरंगाच्याच दिशेत पुढे-मागे, आणि त्यातून संपीडन (कण दाटतात) व विरलन (कण विरळ होतात). फळ्यावर ध्वनीसाठी नागमोडी रेघ काढताना ती दाबाचा आलेख आहे हे जरूर सांगा. हवा तशी खाली-वर होत नसते.

मुलांचं विधान चुकीचं आहे. उंचीशी संबंध आयामाचा, म्हणजे तरंग मधल्या पातळीपासून किती वर किंवा खाली जातो त्याचा. वारंवारता म्हणजे सेकंदाला किती तरंग. दर १० सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते. २ मीटर खोलीवर तीच ४४ मीटरच्या आसपास येते आणि उंचावते, तरी येते दर १० सेकंदांनीच. वारंवारता ०.१ हर्ट्झ, तेव्हाही आणि आताही.

घोटाळा वाढवतो तो ‘आवाज चढला’ हा प्रयोग. भांडणात चढतो तो बहुधा आयाम, गाण्यात चढते ती वारंवारता. वर्गात ‘मोठा-लहान’ आयामासाठी आणि ‘उंच-खालचा सूर’ वारंवारतेसाठी राखून ठेवा. दशावतारातल्या पेटीवर दोन्ही वेगळे दाखवता येतात : तीच पट्टी दाबून भाता जोरात मारला की आवाज मोठा होतो, उजवीकडची पट्टी दाबली की सूर उंचावतो.

‘लहर’ रेडिओमुळे रुळली. ‘मध्यम लहरी’ बदलण्याचं काही कारण नाही. १००० किलोहर्ट्झला तिची लांबी ३०० मीटर. पण लांबीसाठी पाठ्यपुस्तकात ‘तरंगलांबी’च आहे, तेव्हा धड्यात सगळीकडे ‘तरंग’ ठेवलेला बरा.