कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना कसे थांबावे आणि मधल्या काळात काय करावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी : मुलगी साताऱ्यातून बारावी झाली आहे, प्रवर्ग इतर मागास वर्ग आहे, अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत तिला पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची जागा मिळाली, ती आपण ‘बेटरमेंट’वर ठेवली (म्हणजे ती हातात ठेवून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या जागेसाठी प्रयत्न चालू ठेवला), दुसऱ्या फेरीत काहीही हलले नाही आणि आता तिसरी व चौथी फेरी उरली आहे. त्यातच ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘कॉम्प्युटरची जागा करून देतो, पैसे आत्ताच भरा’ असे सांगितल्यामुळे घरात दोन तट पडले आहेत. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्या सुविधा केंद्रावर कागदपत्रांच्या तपासणीला बसतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलासमोर दरवर्षी येतो. माझे उत्तर असे की थांबावे, परंतु ‘बघू काय लागते ते’ असे म्हणत थांबू नये. यादी लागण्यापूर्वीच प्रत्येक शक्य निकालावर आपण काय करणार हे ठरवून ठेवावे, कारण २०२५-२६ च्या नियमांनुसार यादी लागल्यानंतर ठरवायला फारसे काही उरतच नाही.

त्याचे कारण ‘ऑटो फ्रीज’ हे आहे. पूर्वी कॅपच्या तीन फेऱ्या होत असत. २०२५-२६ पासून चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप गोठते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी कोणतीही मिळाली तर ती गोठते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. गोठली म्हणजे ती स्वीकारून प्रवेश घ्यायचा. ‘मिळाली खरी, पण अजून एक फेरी बघतो’ हा पर्याय तेथे उपलब्ध नसतो. म्हणून आपल्यासाठी खरा निर्णय तिसऱ्या फेरीच्या निकालाच्या दिवशी नसून तिसऱ्या फेरीचा विकल्प अर्ज, म्हणजे महाविद्यालये व शाखांची पसंतीक्रमाने यादी, भरण्याच्या दिवशी आहे. पहिल्या सहा ओळींत फक्त तीच महाविद्यालये आणि त्याच शाखा असाव्यात, ज्यांपैकी एखादी मिळाली तर मुलगी चौथ्या फेरीचा विचारही मनात न आणता बॅग भरेल. पुष्कळ पालक वर दोन ‘स्वप्नातली’ नावे लिहितात आणि तिसऱ्या क्रमांकापासून ‘निदान हे तरी मिळो’ अशी भर घालत जातात. तिसऱ्या फेरीत ही सवय महाग पडते, कारण पाचव्या क्रमांकावर सहज म्हणून टाकलेली शाखा मिळाली की ती गळ्यात पडते आणि चौथ्या फेरीचा मार्ग बंद होतो.

दुसरी गोष्ट हातातल्या जागेची. बेटरमेंटमध्ये नवी जागा मिळाली की जुनी त्याच क्षणी रद्द होते आणि परत मागता येत नाही. नवी मिळाली नाही तर जुनी तशीच राहते. म्हणून सध्याच्या जागेपेक्षा जी मनापासून अधिक आवडत नाही अशी एकही ओळ यापुढच्या यादीत ठेवू नये. तीनशेपर्यंत विकल्प भरता येतात म्हणून ते भरलेच पाहिजेत असा काही दंडक नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने लांब यादी भरावी. आपल्या मुलीच्या हातात जागा आहे, तिची यादी आखूड असली तरी चालेल.

क्रम लावताना मात्र ‘हे मिळणारच नाही, मग वर कशाला लिहायचे’ असा विचार करू नये. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेका विद्यार्थ्यापर्यंत येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात जी पहिली उपलब्ध जागा सापडते ती देतो. न मिळणारे नाव सगळ्यात वर असले म्हणून खालच्या नावावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. फक्त वर सांगितलेल्या पहिल्या सहाच्या नियमाचे भान ठेवावे.

आता कट-ऑफ, म्हणजे एखाद्या जागेवर शेवटचा प्रवेश ज्या गुणवत्तेला मिळाला तो आकडा. आपण लिहिता की मागील वर्षी त्या महाविद्यालयात कॉम्प्युटर ‘आपल्याएवढ्याच पर्सेंटाइलला’ मिळाले होते. येथे तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा व कॅप चालवणाऱ्या कार्यालयाच्या) कट-ऑफ यादीत प्रत्येक चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असतो. पालक कंसातला आकडा वाचतात, मी नेहमी वरचा वाचायला सांगतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला चार लाख विद्यार्थी बसले असतील तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार विद्यार्थी, म्हणजे दशांश चिन्हापुढच्या एका अंकाच्या फरकात चारशे मुले सामावलेली असतात. ‘जवळपास सारखेच’ वाटणारे दोन आकडे प्रत्यक्षात बरेच दूर असू शकतात.

दुसरी गोष्ट त्या यादीतील स्तंभाच्या नावातील शेवटच्या अक्षराची. एच म्हणजे गृह विद्यापीठ (बारावी जेथे झाली त्या भागाचे विद्यापीठ), ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, आणि पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या. साताऱ्याहून पुणे दोन-अडीच तासांच्या अंतरावर असले, तरी बारावी साताऱ्यात झाल्यामुळे पुण्यातील बहुतेक महाविद्यालयांत आपली मुलगी ‘बाहेरची’ ठरते. राज्यातील उमेदवारांसाठीच्या जागांपैकी ७० टक्के गृह विद्यापीठाला आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, त्यामुळे तिने ओ या अक्षराने संपणारे स्तंभ पाहायचे आहेत : इतर मागास वर्गाचा मुलींचा, इतर मागास वर्गाचा सर्वसाधारण, खुल्यातला मुलींचा आणि खुल्यातला सर्वसाधारण. मागास प्रवर्गातील उमेदवाराचा विचार खुल्या जागांवरही गुणवत्तेनुसार होतोच. हेच सांगली-कोल्हापूरकडील महाविद्यालयांबाबत उलटे होते. तेथे ती घरची असते आणि ७० टक्क्यांच्या वाट्यात बसते. पुण्याचा हट्ट थोडा सैल केला तर कॉम्प्युटर याच मेरिट नंबरवर मिळण्याची शक्यता तेथे अधिक असू शकते, आणि हे मुलीला निकालानंतर नव्हे, आत्ता विचारायला हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढच्या फेऱ्यांत कट-ऑफ खालीच येतो ही समजूत. लोक या फेऱ्यांकडे रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखे पाहतात, की पुढचे दहा जण गेले म्हणजे आपला नंबर दहाने वर सरकणार. तसे नसते. सुटलेली प्रत्येक जागा पुन्हा गुणवत्ता क्रमाने वाटली जाते आणि तिच्यावर बेटरमेंटवाल्या सगळ्यांचा डोळा असतो. एखाद्या चौकटीत एकच जागा सुटली आणि ती वरच्या क्रमांकाच्या मुलाने घेतली, तर तिसऱ्या फेरीत दिसणारा आकडा पहिल्या फेरीपेक्षा वरचाही असू शकतो. आयआयटी-एनआयटीकडे जाणारी मुले जोसाच्या (त्या संस्थांच्या देशपातळीवरील संयुक्त प्रवेशाच्या) फेऱ्या जुलैत उरकल्यामुळे २०२५ मध्ये बरीचशी आधीच बाजूला झालेली होती. शेवटच्या फेऱ्यांत जी हालचाल दिसते ती सीसॅबच्या विशेष फेऱ्यांत (जोसानंतर एनआयटी वगैरेंच्या उरलेल्या जागांसाठी होणाऱ्या) जागा मिळालेल्यांची, वैद्यकीयकडे वळणाऱ्यांची आणि मुख्यतः एकमेकांच्या बेटरमेंटमधून सुटणाऱ्या साखळीची. ही साखळी पुण्यातील नावाजलेल्या महाविद्यालयांच्या कॉम्प्युटर शाखेत फार पुढे जात नाही. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांमध्ये आणि शहरापासून थोड्या दूरच्या महाविद्यालयांत ती पुष्कळ पुढे जाते, असे मी पाहत आलो आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. कॅपमधील जागा कोणीही ‘करून’ देऊ शकत नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत संस्थास्तरीय जागा (यांनाच व्यवस्थापन कोटा म्हणतात) असतात हे खरे, परंतु त्यांसाठीही महाविद्यालयाने जाहिरात द्यायची, अर्ज घ्यायचे आणि गुणवत्ता यादी लावायची असते. देणगी घेऊन प्रवेश देण्याला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या बाबतीत याहून मोठी गोष्ट पैशांची आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की ही सवलत गेली. आपले उत्पन्न या मर्यादेत बसत असेल तर चार वर्षांचे पूर्ण शुल्क आणि वर त्या गृहस्थांची रक्कम असा तो व्यवहार होतो, आणि निव्वळ शाखेच्या नावासाठी एवढी किंमत मोजावी असे मला वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची मुले सॉफ्टवेअर कंपन्यांत वर्षानुवर्षे लागत आली आहेत. दुसऱ्या वर्षी शाखा बदलून मिळेल या भरवशावर मात्र कोणतीही जागा घेऊ नका. ते रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असते.

या मधल्या दिवसांत हाताला काम हवे असेल तर कागदपत्रांचे काढा. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त रडारड नॉन-क्रिमिलेअरवरून, म्हणजे कुटुंब मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नाही या प्रमाणपत्रावरून, होते. २०२५-२६ च्या प्रवेशाला ते प्रमाणपत्र ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेले लागत होते, आणि घरच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले असते ते बहुधा दहावीनंतर काढलेले, मुदत संपलेले. त्याची तारीख आज रात्रीच पाहा. जात वैधता प्रमाणपत्राऐवजी अर्जाची पावती जोडून अर्ज भरला असेल, तर मूळ प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत माहिती पुस्तिकेत पाहून ठेवा. ती चुकली तर प्रवर्गाची जागा हातून जाऊ शकते आणि मुलीचा विचार खुल्यातून होतो. वसतिगृहाची चौकशी मात्र आत्ता सध्याच्या महाविद्यालयापुरतीच करावी.

चौथ्या फेरीनंतरही मन बदलले, उदाहरणार्थ दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला जाण्याचे ठरले, तर जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश ऑनलाइन रद्द करावा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या) नियमाप्रमाणे महाविद्यालयाला प्रक्रिया शुल्क म्हणून १,००० रुपयांपेक्षा जास्त कापून घेता येत नाही आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. त्या तारखेनंतर रद्द केल्यास परताव्याची खात्री नसते, म्हणून तारीख आत्ताच लिहून ठेवावी आणि रद्द केल्याची पोच छापून घ्यावी. तोंडी सांगितलेले कार्यालयात कोणी धरत नाही.