नावाहोत दगड 'त्से' आणि हेअर बोलीत 'फे', मग या भाषा एकाच कुळातल्या कशा?

तुम्ही विचारलंय की, अथाबास्कन (उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचं एक कुळ) भाषांच्या तौलनिक यादीत दगडाला ॲरिझोनातल्या नावाहोत 'त्से' आणि तिथून तीन हजारांहून जास्त किलोमीटर उत्तरेला, कॅनडात मॅकेन्झी नदीकाठच्या हेअर बोलीत 'फे' दिलंय, तर हे नातं मानायचं कसं?

नातं पक्कं आहे. फक्त दोन शब्द शेजारी ठेवून ते कळणार नाही, आख्खी ओळ वाचा. (नावाहो सोडून ओळीतल्या बाकीच्या भाषा-बोली कॅनडातल्या.) दगड: नावाहो 'त्से', चिपेवायन 'त्थे', बेअरलेक 'क्वे', माउंटन 'पे', हेअर 'फे'. आता त्याच क्रमाने डोकं: 'त्सी', 'त्थी', 'क्वी', 'पी', 'फी'. नावाहोत जिथे त्स, तिथे हेअरमध्ये फ. असा मेळ शब्दामागून शब्दात बसत गेला की तो योगायोग राहत नाही. आपल्याकडे सप्ताह आणि हप्ता, सिंधु आणि हिंदू या जोड्यांत संस्कृतच्या स ला इराणी भाषांतला ह जसा नेमाने भेटतो, तसंच हे.

उलट हुबेहूब दिसणारा शब्द मी आधी संशयाने तपासतो. बीव्हर या प्राण्याला नावाहोत 'चा' (यातला च 'चार'मधला) आणि चिपेवायनमध्ये 'त्सा' म्हणतात. म्हणजे चिपेवायनचा त्स हा नावाहोच्या च चा जोडीदार आहे, त्स चा नव्हे. नुसत्या कानावर विसंबून त्स समोर त्स मांडत गेलात तर यादी सुरेख दिसेल आणि सबंध चुकेल.

याच दोन शब्दांत आणखी एक गोष्ट लपली आहे, आणि मला ती या कुळातली सर्वांत देखणी वाटते. मूळ भाषेत 'डोकं' आणि 'बीव्हर' या दोन्ही शब्दांच्या शेवटी कंठात श्वास अडवायचा ध्वनी होता. त्याच्या प्रभावाने चिपेवायनमध्ये स्वर उंच सुरात गेला, नावाहोत आणि कॅनडातल्याच त्लिचो भाषेत खालच्या सुरात. सूर उलटे, पण उलटण्याचं कारण एकच! म्हणून सुरांच्या खुणा गाळलेली यादी मला अर्धीच वाटते. जुन्या प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या बऱ्याच याद्यांत या खुणा नाहीत.

अर्थाचा रकानाही जपून वाचा. चिपेवायनमध्ये 'ल्ही' म्हणजे कुत्रा. (हा ल्ह आपल्या 'कोल्हा'तला नाही. जीभ ल साठी ठेवायची आणि कंठ न कंपवता नुसती हवा सोडायची.) नावाहोत त्याच शब्दाचा अर्थ घोडा. स्पॅनिश लोकांबरोबर घोडे आले, आणि ओझी वाहणाऱ्या कुत्र्याचं नाव त्यांना मिळालं. 'कुत्रा' या ओळीतच शोधलंत तर ही जोडी हातची जाईल.

शरीराच्या अवयवांना या भाषांत सहसा मालक जोडूनच बोलतात. नावाहोत 'शिला' म्हणजे माझा हात. त्यातला 'शि' म्हणजे माझा. तो सोडवून 'ला' तेवढा तुलनेला घ्या. क्रियापदांत हे जास्तच जपावं लागतं. 'बसणे' एवढं लिहून भागत नाही: नावाहोत एक जण बसला तर 'सिदा', दोघे बसले तर 'सिके', धातूच वेगळा. धातू बहुधा शेवटी येतो, त्याच्याआधी उपसर्गांची रांग असते.

जुळणाऱ्या शब्दांची टक्केवारी काढून वंशवृक्ष काढायचा मोह मात्र टाळा. भाषाशास्त्रज्ञ हॅरी हॉयर यांनी 1956 मध्ये शब्दांच्या मोजणीवरून या भाषा कधी फुटल्या याचा अंदाज मांडला होता. पण उत्तरेतल्या बोली शेकडो वर्षं एकमेकींशी बोलत राहिल्या, बदल एकीकडून दुसरीकडे पसरत गेले. मायकेल क्राउस आणि व्हिक्टर गोला या भाषाशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हेच ठासून सांगितलं, आणि मला ते पटतं. तुमच्या यादीत कॅलिफोर्नियातल्या हूपा या अथाबास्कन भाषेचा रकाना नसेल तर तो जोडा. तिथेही दगड 'त्से'च आहे.