विक्री शून्य, म्हणजे मागणीही शून्य?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संख्याशास्त्र आवडतं. सुपरमार्केटचा साठा एआयने सांभाळण्याच्या क्षेत्रात जावंसं वाटतं, पण कोडिंग येत नाही. बाबा म्हणतात, ऑर्डर यंत्रच देणार तर तुला कोण विचारणार?

उत्तर : बाबांची शंका निम्मी बरोबर आहे. शिल्लक बघून रोज ऑर्डर टाकायची, एवढंच काम करणाऱ्यांची गरज कमी होते आहे. त्या नोकरीच्या मागे लागू नकोस.

आता दुधाचं उदाहरण घे. शनिवारी 60 पाकिटं खपली. रविवारी 22 च आली, ती सकाळीच संपली. सोमवारी गाडीच आली नाही, विक्री शून्य. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला नुसते विक्रीचे आकडे दिलेस तर ते म्हणेल, मागणी घसरतेय, ऑर्डर कमी करा. मग माल आणखी लवकर संपतो आणि मॉडेलला आपलंच खरं वाटतं! माल नव्हता ते दिवस वेगळे काढायचे, हे कुणीतरी ओळखावं लागतं. याच्या उलटही घडतं. सिस्टिममध्ये 8 नग दिसतात, फळीवर एकही नसतो. चोरी, तूटफूट, चुकीचं स्कॅनिंग, कारण काहीही असो. शिल्लक दिसते म्हणून ऑर्डर जातच नाही. याला फॅंटम इन्व्हेंटरी म्हणतात.

दुसरी गोष्ट, अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे. समजा माल त्याच दिवशी विकला गेला पाहिजे, आणि एक नग कमी पडल्याचा तोटा एक नग उरल्याच्या तोट्याच्या तिप्पट आहे. मग साधारण 75 टक्के (3 भागिले 3+1) दिवस मागणी पुरी होईल इतका माल ठेवणं परवडतं. पण तोटा तिप्पट धरायचा की दुप्पट, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं त्याची किंमत किती, हे माणसंच ठरवतात. तुझं कॉमर्स इथे कामाला येईल.

कोडिंगचा बाऊ करू नकोस. आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. 'महिन्याभरात एआय तज्ज्ञ' छापाच्या प्रमाणपत्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्याऐवजी विक्रीचा अंदाज बांधण्याच्या 2020 च्या एम5 स्पर्धेचा डेटा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. वॉलमार्टच्या 10 दुकानांतल्या 3,049 वस्तूंची रोजची विक्री त्यात आहे. पहिला अंदाज अगदी साधा कर : गेल्या आठवड्यात त्याच वारी जेवढं विकलं तेवढंच. मग त्याहून सरस मॉडेल बनवून दाखव. वाटतं तितकं सोपं नाही ते.

सुट्टीत जमलं तर एखाद्या गोदामात माल मोजायचं काम कर. पगार बेताचाच असेल, पण सिस्टिममधला आकडा आणि फळीवरचा माल यांत तफावत कुठे पडते, ते तिथेच कळेल.

आणि नोकरी शोधताना जाहिरातीत 'एआय' शब्द शोधत बसू नकोस. ही कामं बहुधा डिमांड प्लॅनर (मागणीचा अंदाज बांधणारा) किंवा रिप्लेनिशमेंट अ‍ॅनालिस्ट (माल पुन्हा कधी, किती भरायचा ते ठरवणारा) या नावांनी निघतात.