त्सुबामेच्या तांबटाचा जावई होण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. जपानच्या निगाता प्रांतातल्या त्सुबामे गावी तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या एकुलत्या मुलीशी लग्न करायचं आणि तिच्या वडिलांच्या हातातली हातोडी आपण घ्यायची, हे तू पत्रात एकाच वाक्यात लिहिलंस. आधी या दोन गोष्टी सुट्या कर. वडिलांना भेटण्यापूर्वी तिला एकटीला विचार: "तांबं ठोकायला त्या कामाच्या ओंडक्यावर तुला स्वतःला बसायचं आहे का?" एकुलती मुलगी असली की दुकान जावई चालवणार असं सगळे धरून चालतात, आणि तिला कोणी विचारतच नाही. आज निगाताकडच्या या कारखान्यांत तरुण मुलीही हातोडी चालवतात. तिला बसायचं असेल तर वारस तीच, आणि तू तुझी इंजिनिअरची नोकरी सांभाळून तिच्या पाठीशी राहा. माझ्या मते बहुतेक वेळा हेच शहाणपणाचं ठरतं.

तिला नको असेल आणि तुला खरोखर हवं असेल, तर काम काय आहे ते नीट समजून घे. याला त्सुइकी म्हणतात, एका सपाट पत्र्यातून भांडं उठवायचं. तुला वाटतं पत्रा ठोकून ताणतात. उलट आहे, तो आकसवतात. झेलकोवा नावाच्या झाडाच्या जाड ओंडक्याला भोकं असतात, त्यात तोरिगुची नावाची लांब लोखंडी ऐरण खोचायची. तिच्या टोकावर पत्रा धरून कडेला चुण्या पाडायच्या आणि त्या चुण्या ठोकून आत जिरवायच्या. घेर कमी होतो, कड जाड होते, भिंत उभी राहते. चुणी घाईने दाबली तर ती घडी होऊन दुमडते. मग ती उलगडत नाही, तिथेच चीर जाते. ठोक्यांनी तांबं कडक होतं, म्हणून मधूनमधून ६०० ते ७०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात टाकायचं. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. तापवायला आळस केला तर कड फाटते, जास्त तापवलं तर कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. हातोडी किंचित कलली की चंद्रकोरीसारखा वण उठतो, आणि तो काढताना भोवतीचं सगळं बिघडतं. चोचीसकट एकाच पत्र्यातून किटली उठवणं सगळ्यांत अवघड.

या कामाला जपान सरकारची पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता १९८१ची. 'देन्तो कोगेइशी' या सरकारमान्य कारागिराच्या परीक्षेला बसायलाच किमान १२ वर्षांचा अनुभव लागतो. तू आज अठ्ठावीसचा आहेस, हिशेब तूच कर.

आता नाव आणि कागद. मुकोयोशी म्हणजे घरजावई आणि दत्तक मुलगा एकाच वेळी. युद्धानंतर कायदा बदलला, तेव्हापासून लग्नाची नोंद वेगळी आणि दत्तकविधान वेगळं. नुसतं लग्न केलंस तर सासऱ्याच्या मालमत्तेत तू वारस नाहीस, दत्तक गेलास तर आहेस. तू भारतीय, त्यामुळे दोन देशांचे कायदे येतात. सही करण्याआधी वकिलाकडे जा. आडनाव बदलायची सक्ती तुझ्यावर नाही. तीन गो कोंडा घरात असेल तर घरजावई होऊ नये, अशी जपानी म्हण आहे. तीन गो म्हणजे साधारण अर्धा लिटर. अपमान म्हणून नको, सावधगिरी म्हणून लक्षात ठेव.

व्हिसाकडे विशेष लक्ष दे. इंजिनिअरच्या व्हिसावर हातोडीचं काम पोटापाण्यासाठी करता येत नाही. जपानी व्यक्तीचा जोडीदार म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर कुठलंही काम चालतं, पण तो लग्नाला टांगलेला असतो. घटस्फोट झाला तर १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि सहा महिने उलटले की तो रद्द होऊ शकतो. म्हणजे नातं बिघडलं तर घर, काम आणि देश तिन्ही एकदम जायची भीती. म्हणून नोकरी सोडू नकोस. संसाराची तीन वर्षं आणि जपानात सलग किमान एक वर्ष झालं की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोवर सुटीच्या दिवशी तांबं तापवायला आणि पाणी भरायला जा.

कामाला लागलास तर पगार तुझ्या नावाने माग. घरचा माणूस म्हणून हातखर्चावर राबू नकोस. दुकान व्यक्तीच्या नावावर असेल तर घरच्या माणसाचा पगार खर्चात दाखवायला कर कार्यालयाला आधी कळवावं लागतं, ते सासऱ्यांनी केलंय का विचार. माल घाऊक व्यापाऱ्याकडे जातो की थेट गिऱ्हाइकाकडे, जागा कोणाची, कर्ज किती, हेही लग्नाआधीच विचार. तिच्यामार्फत विचारलंस तर त्यांना कमी लागेल.

राहायला वेगळी खोली घ्या, निदान पहिली दोन वर्षं. दिवसभर ठणठणाटात शेजारी बसून दोघांचं बोलणं होत नाही, आणि संध्याकाळी त्याच छपराखाली जेवताना विषय परत चोचीच्या चिरेवरच येतो. कानाला पहिल्या दिवसापासून बोळे लाव. कारखान्यात सासऱ्यांना ओयाकाता म्हणजे उस्ताद म्हण, घरी ओतोओसान म्हणजे बाबा, तेही लग्नानंतरच.

पहिल्या भेटीला मिठाईबरोबर पुण्याच्या तांबट आळीतलं एखादं मठारलेलं तांब्याचं भांडं ने. कल्हई न केलेलं, म्हणजे आतले ठोके दिसतील. सासरे ते भांडं उलटं करतील, बोटाने तळ चाचपतील आणि विचारतील, हे एका पत्र्याचं की जोडलेलं, आणि मठारलं कशावर ठेवून. घेतानाच तांबटाला विचारून ठेव.

तुझा हितचिंतक