दारू एकदम बंद केली आणि भास सुरू झाले

प्रश्न : रोज दोन क्वार्टर घेणाऱ्या बाबांनी परवा दारू सोडली. आता हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात. वेड लागलं का?

उत्तर : नाही. रोजची दारू अचानक तुटली की मेंदू अतिउत्तेजित होतो. थरथर, घाम, मळमळ 6 ते 24 तासांत येते, फिट बहुधा 48 तासांच्या आत. त्यानंतर ताप, भ्रम. यात जीव जाऊ शकतो. कृपया आत्ताच 108 बोलवा. शेवटचा पेग कधी घेतला, ती वेळ डॉक्टरांना सांगा. थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन देणार ना, हेही विचारा. त्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून घरी निभावू नका. पुढच्या मानसिक आधारासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन : 14416.